विंबल्डन, पण टेनिसवालं नव्हे

विंबल्डन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हिरवंगार कोर्ट, पांढरे कपडे, स्ट्रॉबेरी आणि क्रीम. ज्यांनी नव्वदच्या दशकात घरच्या टीव्हीसमोर बसून फायनल बघितल्या असतील त्यांच्यासाठी स्टेफी ग्राफ. माझंही तेच होतं.

2006 च्या हिवाळ्यात कंपनीने मला लंडनला ऑनसाइट पाठवलं होतं. टीममध्ये एक टेस्टर होता, पन्नाशीचा, फारसा न बोलणारा. शुक्रवारी संध्याकाळी वीकेंडला कोण काय करणार अशा गप्पा चालल्या होत्या, तर हा म्हणाला, "विंबल्डनची मॅच आहे." बाहेर नोव्हेंबरचा गार पाऊस. मी आपला भाबडेपणाने विचारून बसलो, "आत्ता? टेनिस?" तो माणूस त्या दिवशी पहिल्यांदा खळखळून हसला, आणि दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन गेला.

मैदानाचं नाव किंग्जमेडो. लंडनच्या नैर्ऋत्येला, किंग्स्टनजवळ. इंग्लिश फुटबॉलच्या सातव्या पायरीवरची मॅच, आणि तरी दोन-अडीच हजार माणसं पावसात उभी. दारावर तिकिटं तपासणारे, आत चहा देणारे, कार्यक्रमपत्रिका विकणारे बरेचसे फुकट काम करत होते. आमचा टेस्टरही मॅचच्या आधी तासभर कुठेतरी खुर्च्या लावायला गायब झाला. मॅच कशी होती ते खरंच आठवत नाही. (चेंडू जमिनीपेक्षा हवेतच जास्त होता एवढं आठवतं.) पण परत येताना ट्रेनमध्ये त्याने जी गोष्ट सांगायला सुरुवात केली, ती मी पुढे अनेक वर्षं तुकड्यातुकड्याने वाचत राहिलो. ती आज सांगतो. फुटबॉल आवडत नसेल तरी वाचा, कारण ही खरं तर जमिनीची आणि पैशाची गोष्ट आहे.

विंबल्डन फुटबॉल क्लबची स्थापना 1889 ची. 1912 पासून त्यांचं मैदान होतं प्लाऊ लेन. लहानसं, गैरसोयीचं, पण स्वतःचं. 1977 पर्यंत हा क्लब मुख्य फुटबॉल लीगमध्ये नव्हताच. तिथे प्रवेश मिळाल्यावर नऊ वर्षांत, म्हणजे 1986 ला, तो चौथ्या डिव्हिजनमधून चढत थेट सगळ्यात वरच्या डिव्हिजनमध्ये पोचला. आणि 14 मे 1988 ला वेम्बलीवर एफए कपच्या फायनलमध्ये त्यांनी लिव्हरपूलला 1-0 ने हरवलं. तेव्हाचं लिव्हरपूल म्हणजे लीग विजेते. लॉरी सांचेझचा हेडर, आणि गोलकीपर डेव्ह बीझंटने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ.

इथपर्यंत सिनेमा. आता मध्यंतरानंतरचा भाग, आणि त्यासाठी थोडं मागे जायला हवं.

1976 मध्ये रॉन नोड्स नावाच्या व्यावसायिकाने हा क्लब विकत घेतला तो फक्त 2,782 पौंडांना. तेव्हाच्या हिशेबानेही ही किंमत काहीच नव्हती, पण क्लबही तेव्हा काहीच नव्हता. नोड्सच्या डोक्यात एक कल्पना होती. लंडनच्या वायव्येला मिल्टन कीन्स नावाचं नवं शहर वसवलं जात होतं. 1967 मध्ये कागदावर जन्मलेलं, सगळं आखीव-रेखीव, आणि मोठा फुटबॉल क्लब नसलेलं. तिकडे क्लब हलवावा का, असा विचार त्याने 1979 च्या सुमारास केला, तिथला एक छोटा कर्जबाजारी क्लबही घेऊन ठेवला, आणि मग तो नाद सोडला. 1981 मध्ये त्याने विंबल्डन सॅम हम्माम याला विकला आणि स्वतः शेजारचा क्रिस्टल पॅलेस घेतला. ही दोन्ही नावं लक्षात ठेवा. मिल्टन कीन्सही.

1989 मध्ये शेफील्डला हिल्सबरोची दुर्घटना झाली. गर्दीत चेंगरून लिव्हरपूलच्या 97 समर्थकांचे जीव गेले. त्यानंतर आलेल्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांच्या मैदानांवर उभं राहून मॅच बघण्याच्या जागा बंद करून सगळीकडे खुर्च्या बसवायला सांगितलं. योग्यच होतं ते. पण प्लाऊ लेनसारख्या मैदानावर हे करायचं तर जवळजवळ सगळंच पाडून बांधायला लागणार. मालकांचं म्हणणं पडलं की ते शक्य नाही. 1991 ला क्लब तात्पुरता सहा-सात मैलांवरच्या सेल्हर्स्ट पार्कमध्ये भाड्याने राहायला गेला. सेल्हर्स्ट पार्क कुणाचं? क्रिस्टल पॅलेसचं. म्हणजे घरमालक कोण? रॉन नोड्स!

हे "तात्पुरतं" बारा वर्षं चाललं.

मधल्या काळात जे झालं ते मला या सगळ्या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण ते कुणाच्या फारसं लक्षातच आलं नाही. 1959 मध्ये प्लाऊ लेनची जमीन विकताना स्थानिक कौन्सिलने तिचा वापर खेळासाठीच राहावा अशा हिशेबाने स्वतःकडे एक हक्क राखून ठेवला होता. तो हक्क पुढे क्लबच्या मालकाने पैसे देऊन सोडवून घेतला. एकदा ती अट गेल्यावर ते मैदान राहिलंच नाही, तो लंडनमधला एक प्लॉट झाला. (परळ-लालबागच्या गिरण्यांचं पुढे काय झालं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढचं वाक्य मी सांगायची गरज नाही.) 1998 मध्ये तो प्लॉट सेफवे या सुपरमार्केट कंपनीला सुमारे 80 लाख पौंडांना विकला गेला. त्याआधी 1997 मध्येच हम्मामने क्लब दोन नॉर्वेजियन उद्योगपतींना विकायला काढला होता. सुपरमार्केट स्थानिकांच्या विरोधामुळे झालंच नाही. काही वर्षं ती जागा तशीच पडून होती, 2002 मध्ये स्टँड पाडले, आणि आज तिथे फ्लॅट आहेत. इमारतींना क्लबच्या जुन्या माणसांची नावं दिली आहेत. बिल्डर सगळीकडचे सारखेच.

आता ताळेबंद बघा. क्लबला स्वतःचं मैदान नाही. मॅचच्या दिवशीचा चहा-बिअर-पार्किंगचा पैसा दुसऱ्याचा. समर्थकांना दर वेळी लांब जायचं, तेही दुसऱ्याच्या घरी. जोवर प्रीमियर लीगमध्ये होते तोवर टीव्हीचे पैसे येत होते. 14 मे 2000 ला, म्हणजे त्या कप फायनलला बरोब्बर बारा वर्षं झाली त्याच तारखेला, क्लब प्रीमियर लीगमधून खाली घसरला. पैशाचा नळ बंद.

ऑगस्ट 2001 मध्ये अध्यक्ष चार्ल्स कोपेल यांनी जाहीर केलं की क्लब मिल्टन कीन्सला हलवायचा आहे. तिथे पीट विंकलमन नावाचा संगीत व्यवसायातला गृहस्थ एक मोठा प्रकल्प घेऊन बसला होता: स्टेडियम, आणि त्याच्या बाजूला भलीमोठी दुकानं. हा घाट अमेरिकन वळणाचा. तिथे संघ म्हणजे परवाना असतो, मालक तो उचलून दुसऱ्या शहरात नेतो. इंग्लंडमध्ये क्लब हलले होते, पण आजूबाजूच्या भागात. साठेक मैलांवरच्या दुसऱ्याच शहरात लीगमधल्या जागेसकट क्लब नेणं तिथे कुणी केलं नव्हतं.

फुटबॉल लीगने आधी नाही म्हटलं. मग अपील, लवाद, आणि शेवटी तीन जणांचा स्वतंत्र आयोग. इथे जरा दुसरी बाजूही मांडतो, कारण समर्थकांच्या बाजूने लिहिणारे ती सहसा गाळतात. आयोगापुढचा प्रश्न भावनेचा नव्हता. क्लब दर वर्षी तोट्यात. मर्टन भागात परवडेल अशी जागा दिसत नाही. त्यात 2002 च्या वसंतात आयटीव्ही डिजिटल ही कंपनी बुडाली आणि खालच्या डिव्हिजनमधल्या सगळ्याच क्लबांचे टीव्हीचे पैसे गेले. मालकांचं म्हणणं सरळ होतं: मिल्टन कीन्स किंवा दिवाळं. एखाद्या कन्सल्टन्सीने स्लाइड्स केल्या असत्या तर आपण सगळ्यांनीही बहुतेक मान डोलावली असती.

28 मे 2002 ला आयोगाने दोन विरुद्ध एक मताने परवानगी दिली. निकालपत्रात एक मुद्दा असाही होता की समर्थकांनी "विंबल्डन टाऊन" वगैरे नावाने नवा क्लब काढून 113 वर्षांपूर्वीच्या जागेपासून सुरुवात करणं फुटबॉलच्या व्यापक हिताचं नाही.

दोन दिवसांनी, 30 मे ला, समर्थकांची सभा भरली. अपील करावं, खटला लढवावा अशी चर्चा सुरू असताना क्रिस स्टुअर्ट हा त्यांच्यातलाच एक म्हणाला की भांडून दमलो, आता मला फक्त फुटबॉल बघायचंय. त्या रात्री एएफसी विंबल्डन जन्माला आला. आपल्या भाषेत सांगायचं तर फोर्क. नाव, जुने सर्व्हर, परवाना सगळं कंपनीकडे राहिलं, आणि वापरणारे आणि कोड लिहिणारे झाडून सगळे उठून दुसरीकडे गेले.

खेळाडू नव्हतेच. 29 जूनला विंबल्डन कॉमन या सार्वजनिक माळरानावर निवड चाचणी ठेवली, 230 जण आले. 10 जुलैला सटन युनायटेडविरुद्ध पहिला मैत्री सामना. 4-0 ने हरले, पण बघायला 4,657 माणसं. आणि उरलेला मूळ क्लब? ऑक्टोबर 2002 मध्ये सेल्हर्स्ट पार्कवर रॉदरहॅमविरुद्धच्या त्यांच्या सामन्याला 849 प्रेक्षक होते. इंग्लंडच्या दुसऱ्या डिव्हिजनमधला क्लब! त्या मोसमात साधारण नवव्या पायरीवरच्या एएफसी विंबल्डनची सरासरी गर्दी तीन हजारांच्या वर होती, दुसऱ्या पायरीवरच्या मूळ क्लबपेक्षा जास्त. जून 2003 मध्ये तो मूळ क्लब अॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेला. ज्या दिवाळ्यातून वाचायला निघाले होते ते आलंच. त्याच सप्टेंबरात तो मिल्टन कीन्सला गेला, आणि 2004 मध्ये त्याचं नाव एमके डॉन्स झालं.

माझा टेस्टर हे नाव तोंडाने घेत नाही. "ते लोक" म्हणतो. नव्या क्लबलाही ते जड जातं. 2017 मध्ये एका सामन्यात पाहुण्या संघाचं नाव नीट न लिहिल्याबद्दल लीगने चक्क त्यांच्यावर आरोप ठेवला होता. मला विचाराल तर मिल्टन कीन्समध्ये 2004 नंतर वाढलेल्या पोरांचा यात काय दोष? पण हे मी त्याला कधी म्हणालो नाही.

असो. मुद्दा मालकीचा. नव्या क्लबची मालकी डॉन्स ट्रस्टकडे ठेवली. हे म्हणजे शब्दशः आपल्याकडची सहकारी संस्था. वर्गणी भरा, सभासद व्हा, एक सभासद एक मत. कुणी दहा पौंड दिले आणि कुणी दहा हजार, तरी मत एकच. ही कल्पना त्यांचीही नव्हती. 1992 मध्ये नॉर्थॅम्प्टन टाऊन हा क्लब कर्जात बुडत असताना तिथल्या समर्थकांनी असा पहिला ट्रस्ट काढला होता.

पण सहकारी संस्थेलाही पैसे लागतातच. 2003 मध्ये त्यांनी किंग्जमेडोचा भाडेपट्टा सुमारे 24 लाख पौंडांना घेतला. त्यासाठी समर्थकांना शेअर विकून 12 लाखांहून जास्त उभे केले, बाकी कर्ज. आता गंमत बघा. किंग्जमेडो मुळात किंग्स्टोनियन या दुसऱ्या एका छोट्या क्लबचं घर. तो क्लब 2001 मध्ये अडचणीत आला तेव्हा मैदान त्याच्या हातून गेलं होतं. म्हणजे ज्यांचं घर मालकाने विकलं, ते आता दुसऱ्या बेघर क्लबचे घरमालक झाले. चांगले घरमालक होते असं म्हणतात, कमी भाड्यात ठेवलं. पण 2017 मध्ये विंबल्डनने हेच मैदान चेल्सीला विकलं, आणि किंग्स्टोनियनला बाहेर पडावं लागलं. टेस्टरला मी हे विचारलं होतं. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मी त्या विक्रीच्या बाजूने मत दिलं. आणि मला त्याची लाज वाटते. दोन्ही खरं आहे."

मैदानावरची प्रगती भराभर सांगतो. फेब्रुवारी 2003 ते डिसेंबर 2004 लीगमध्ये सलग 78 सामने अपराजित. नऊ मोसमांत पाच बढत्या. 21 मे 2011 ला मँचेस्टरमध्ये लुटनविरुद्ध प्ले-ऑफ फायनल, 0-0, पेनल्टी, आणि शेवटची कॅप्टन डॅनी केडवेलने जाळ्यात मारली. क्लब फुटबॉल लीगमध्ये. 2016 मध्ये त्यांना तिसऱ्या डिव्हिजनमध्ये बढती मिळाली, आणि नेमके त्याच वर्षी एमके डॉन्स वरून घसरून तिथेच आले.

तरी घर नव्हतं. जुन्या प्लाऊ लेनपासून हाकेच्या अंतरावर कुत्र्यांच्या शर्यतीचं जुनं स्टेडियम होतं. डिसेंबर 2015 मध्ये मर्टन कौन्सिलने तिथे नव्या मैदानाला मंजुरी दिली, एका बिल्डरबरोबर, सहाशेच्या आसपास फ्लॅटसकट. 2017 मध्ये तिथली शेवटची शर्यत झाली. म्हणजे पुन्हा कुणाचं तरी मैदान गेलं.

आणि 2019 च्या शेवटी पैसे संपले. बांधकामाचा खर्च 3 कोटी पौंडांच्या वर, आणि तूट साधारण 1 कोटी 10 लाखांची. क्राउडफंडिंगमधून त्या वर्षी 20 लाखांहून जास्त आले होते, पण ते पुरणार नव्हते. भिंती अर्ध्या चढलेल्या, कंत्राटदाराचे हप्ते समोर. बाहेरचे गुंतवणूकदार घ्यायचे, ट्रस्टचा हिस्सा कमी करायचा, असा प्रस्ताव सभासदांपुढे यायची वेळ आली. लक्षात घ्या, इथे कुणी खलनायक नव्हता. प्रस्ताव मांडणारे त्यांचेच निवडून दिलेले लोक होते, आकडेही खरे होते. 2002 मध्ये आयोगापुढे होता तोच हिशेब, फक्त आता टेबलाच्या त्या बाजूला हेच बसले होते.

सभासदांपैकी काही जणांनी थोडा वेळ मागितला आणि कर्जरोखे काढले. प्लाऊ लेन बॉंड. गंमत म्हणजे व्याज किती घ्यायचं ते देणाऱ्यानेच ठरवायचं, शून्यापासून 4 टक्क्यांपर्यंत. 2020 च्या सुरुवातीला काही आठवड्यांत 50 लाख पौंडांहून जास्त जमले. बाकीचं मोठं कर्ज आणि क्लबच्या हितचिंतकांचे पैसे मिळून भागलं. ट्रस्टकडे मालकी राहिली.

टेस्टर तोवर निवृत्त झाला होता. त्याची मेल आली: पेन्शनमधून काढून पैसे टाकलेत, बायको बोलत नाहीये. मी विचारलं व्याज किती लावलंस. उत्तर: "शून्य लिहिलं. मग एक केलं. मग परत शून्य." मी गणित मांडून सांगितलं की हे पैसे परत येतील याची खात्री काय. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं, 2002 मध्ये कुणी मला अर्जसुद्धा दिला नव्हता भरायला.

3 नोव्हेंबर 2020 ला नव्या प्लाऊ लेनवर पहिला सामना झाला, डॉनकास्टरशी 2-2. क्लब 29 वर्षांनी घरी आला, आणि कोविडमुळे स्टँड रिकामे. ज्यांनी पैसे घातले ते सगळे घरी लॅपटॉपसमोर. त्याने मला मॅच चालू असताना स्क्रीनचा फोटो पाठवला होता. चित्र अडकलेलं, बफरिंगचं गोल फिरणारं चक्र, मागे रिकाम्या खुर्च्या.

नंतरचंही सगळं गोड नाही. 2022 मध्ये क्लब चौथ्या डिव्हिजनमध्ये घसरला. सप्टेंबर 2024 मध्ये मुसळधार पाऊस झाला, शेजारच्या वॉंडल नदीचं पाणी मैदानात घुसलं आणि खेळपट्टीच खचून भलामोठा खड्डा पडला. न्यूकॅसलविरुद्धचा कपचा घरचा सामना न्यूकॅसलला जाऊन खेळावा लागला, 1-0 ने हरले. दुरुस्तीसाठी पुन्हा ऑनलाइन झोळी फिरवली आणि 1 लाख पौंडांच्या वर जमले. मे 2025 मध्ये वेम्बलीवर वॉल्सॉलला हरवून ते परत वर गेले. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमध्ये फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमण्याचा कायदा झाला. क्लबने मैदान विकायचं किंवा दुसरीकडे जायचं ठरवलं तर आता त्याची परवानगी लागेल.

खड्ड्याचे फोटो बातम्यांत आले तेव्हा मी त्याला मेल टाकली होती, की आता किती दिलेस? त्याचं उत्तर: "वीस पौंड. बायकोने पन्नास दिले. मला नंतर कळलं."